वाणाची मेथी

आमच्या बाळकुमच्या सोसायटीत मी खडूस म्हातारी म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. गच्चीवर माझे टब आहेत, दिवाळी झाली की त्यात मी मेथी, पालक, चुका, शेपू पेरते, आणि तो पाला मी कुणाला देत नाही. खालच्या मजल्यावरच्या पोरी मोबाइल घेऊन वर येतात, फोटो काढतात, "काकू, किती ऑरगॅनिक ना?" म्हणतात. मी विचारते, पाणी कुठलं आहे ते बघितलंस का? टँकरचं आहे. टँकर कुठून भरतो, माहितीये? त्या एकमेकींकडे बघतात आणि हसतात. परवा एकीनं तर ग्रुपवर टाकलं की काकूंना शेअरिंग आवडत नाही. नाही आवडत. जे मला स्वतःला नीट माहीत नाही ते मी दुसऱ्याच्या पोराच्या ताटात वाढणार नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात शिकले, आणि ती मला कुणी प्रेमानं शिकवलेली नाही.

तेव्हा आम्ही डोंबिवलीला, मानपाड्याच्या पुढे राहायचो. बाबा रंगाच्या एका कंपनीत केमिस्ट होते आणि कंपनीनं आपल्या स्टाफसाठी बांधलेल्या बैठ्या घरांच्या एका गल्लीत आमचं घर होतं. पुढे ओटा, मागे मोरी आणि मोरीच्या मागे आईचं परसू. गल्ली संपली की एक विहीर, विहिरीच्या पलीकडे गाव. आमच्याकडे सकाळी थोडा वेळ नळ यायचा. ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, त्यात दुसऱ्या कुणी बोट बुडवलं तरी आई ओरडायची. कपडे, भांडी, झाडं, सगळं विहिरीवर. गावाला नळ नव्हता. त्यांचं पिणंसुद्धा विहिरीचंच. कंपनीचा भोंगा झाला की आई कुकर लावायची, दुसरा झाला की बाबांचा चहा टाकायची. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे.

आई मूळची साताऱ्याकडची. कोकणातल्या चिकट हवेवर तिचा राग होता, इथल्या घामावर, बुरशी धरणाऱ्या लोणच्यावर, सगळ्यावर. तिचं माणूस म्हणून वर्ष सुरू व्हायचं ते दसऱ्यानंतर, गारवा पडायला लागला की. मग ती कंबर खोचून परसात उतरायची. माती खुरपून तिचे वाफे करायचे, त्यात शेळीच्या लेंड्यांचं खत घालायचं, आणि ट्रंकेतून बियांच्या पुरचुंड्या निघायच्या. पालकाचं बी ती आदल्या दिवशी भिजत घालायची. धणे पाटावर पसरून चपलेनं रगडायचे, म्हणजे त्यांचे दोन भाग होतात. ते काम माझं आणि मन्याचं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं, आणि त्यावरून आमची मारामारी ठरलेली. माठाचं आणि चाकवताचं बी इतकं बारीक की चिमटीत येतं तसं पडतं, म्हणून ते राखेत मिसळून भुरभुरायचं. वर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायचा, नाहीतर चिमण्या सगळं फस्त करतात. पाणी हाताच्या ओंजळीतून, बोटं जरा फाकवून. मी एकदा बादली उपडी केली होती तर दुपारचं जेवण मिळालं नव्हतं.

खत यायचं पार्वतीमावशीकडून. पार्वतीमावशी गावातली, विहिरीच्या पलीकडचं पहिलंच घर तिचं. त्यांची शेती जिथे होती तिथे आता कंपन्या होत्या. नवरा वारलेला, मुलगा खाडीवर रेतीच्या होडीवर जायचा, घरात सून आणि दावणीला शेळ्या. ती घमेलंभर लेंड्या आणून टाकायची, आई तिला जुड्या द्यायची. दोघींचं गूळपीठ होतं. आई तिला भरल्या वांग्याचा मसाला शिकवायची आणि ती आईला "वहिनी, तुमी लसूण टाकत नाय तर त्या भाजीला चव कशी यायची" म्हणून चिडवायची. आई गल्लीतल्या बायकांशी गोड बोलायची, पण मोकळी बोलायची ती हिच्याशीच.

आणि सगळ्या हंगामाचा शेवट म्हणजे आईचं हळदीकुंकू. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी. बाकीच्या बायका वाण म्हणून काय लुटायच्या, तर गाळणी, साबणाच्या डब्या, प्लास्टिकचे चमचे. आई लुटायची मेथी. मुळासकट उपटलेली, धुतलेली, केळीच्या सोपटानं बांधलेली जुडी, प्रत्येकीच्या ओटीत. त्यासाठी मेथीचा शेवटचा वाफा ती मार्गशीर्षात, त्या शुक्रवारपासून मागे दिवस मोजत पेरायची, म्हणजे शुक्रवारी पानं कोवळी आणि उंची बोटभर. तिला दागिना नव्हता, शिक्षण चौथी. त्या दिवशी मात्र सगळी केमिस्टांची, सुपरवायझरांची बायकामंडळी तिच्या परसात उभी राहून "वहिनी, तुमच्या हाताला काय गुण आहे हो" म्हणायची. वर्षभर ती त्या वाक्यावर जगायची. मला ते कळायचं आणि मला त्याचा थोडा रागही यायचा, पण तो वेगळा राग.

त्या वर्षी पालक आलाच नाही. दसऱ्यानंतर पेरला, वाट पाहिली, वाफा कोराच. आई म्हणाली बी जुनं असेल. कल्याणहून नवं आणलं, पुन्हा पेरलं. ते उगवलं, पण पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी. आई म्हणाली ऊन आहे. मग लुगडं घालून सावली केली. माठ तांबडा होण्याऐवजी पिवळाच. आई म्हणाली दृष्ट लागली, आणि वाफ्याच्या कोपऱ्यात काळी बाहुली टांगली. विहिरीवर गल्लीतल्या बायका कमी दिसायला लागल्या होत्या, तेही मी पाहिलं होतं. मला वाटलं, थंडी आहे, घरातच धुत असतील. मेथी चिवट असते, ती मात्र वर आली. भोगीला आईनं सगळा पाला घालून लेकुरवाळी भाजी केली, तीळ लावलेल्या भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा. बाबा मुकाट्यानं जेवले. ते नेहमीच मुकाट्यानं जेवायचे.

बाबांबद्दल सांगायचं तर ते गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण एकच म्हणत होता, फार सज्जन माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी पदर तोंडाला लावून बसले होते, लोकांना वाटलं रडतेय. ना अध्यात ना मध्यात! हे आपल्याकडे कौतुकानं म्हणतात. एखाद्या माणसानं आयुष्यभर तोंड उघडलं नाही की त्याला आपण सज्जन म्हणतो. त्यांचे हात फार स्वच्छ असायचे. लॅबमध्ये काम, दिवसातून दहा वेळा साबण. नखं कापलेली, पांढरी. लहानपणी ते हात मला आवडायचे.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आई आणि मी तिळगूळ आणि फुलं आणायला डोंबिवलीच्या बाजारात गेलो. मन्या शाळेत होता. आम्ही दिवेलागणीच्या आधी परत आलो, आणि आई नेहमीसारखी पिशव्या ओट्यावर टाकून आधी परसात गेली. तिचा आवाज आला नाही, म्हणून मी मागोमाग गेले. वाफे मोकळे होते. मेथी नाही, चाकवत नाही, तो जळका पालकसुद्धा नाही. माती उलथीपालथी, दोन-चार पानं तुडवलेली, काळी बाहुली मातीत पडलेली. परसाचं फाटक सताड उघडं. आई खाली बसली. हातानं माती चाचपत राहिली, जणू मेथी आत गेली असेल. बाबा पहिल्या पाळीचे, ते घरी होते, आंघोळ करून पेपर वाचत. म्हणाले, स्टेशनला काम होतं, मी आत्ताच आलो, मला काही माहीत नाही.

आईनं उघडं फाटक बघितलं आणि तिच्या डोक्यात शेळ्या आल्या. ती तशीच उठली आणि अनवाणी पार्वतीमावशीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी माझ्या आईला इतकं वाईट बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वर्षभर खाल्लंत, आता मुळासकट खाल्लंत. घरात घेतलं म्हणून डोक्यावर बसलात. तुमच्या लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. हे 'तुमच्या लोकांना' तिच्या तोंडून निघालं आणि गावातली चार माणसं दारात आली. पार्वतीमावशी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"वहिनी, माझ्या शेल्या सकालपासून खुंट्याला हायेत," ती म्हणाली. "तुमी स्वता बघा."

आईनं बघितलं नाही. थुंकली आणि वळली. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती. आणि आमच्या ओट्यावर बाबा उभे होते. हातात पेपर. विहीर काही लांब नाही, तिथून शब्द न् शब्द ऐकू येत होता. ते आईकडे बघत होते, मग आत गेले.

रात्री जेवायला बसलो. वरणभात होता, लिंबाचं लोणचं. बाबांनी भात कालवायला हात घातला आणि मला त्यांची नखं दिसली. पाचही बोटांच्या नखांत काळी ओली माती, साबणानं धुऊनही न निघालेली, अंगठ्याला हिरवट डाग. पाला उपटला की असाच डाग पडतो, माझ्या हाताला तो हंगामभर असायचा.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या नखांत माती कसली?"

त्यांनी हात मागे घेतला. बस, तेवढं पुरलं. आईनं वाढायचा डाव ताटात ठेवला. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, उठून दार लावलं, आणि मग हळू आवाजात, स्वतःच्याच घरात चोरासारखं बोलायला लागले. कंपनीच्या मागच्या भिंतीला खड्डा आहे, रंगाचं उरलेलं पाणी त्यात सोडतात, पावसाळ्यात तो भरून वाहिला आणि विहिरीत उतरला. त्यांनी मार्गशीर्षात बाटली भरून नेली, लॅबमध्ये बघितली. पाणी वाईट आहे. पिण्याचं नाहीच, पाल्यालासुद्धा नको. साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, तुम्ही ही तपासणी कुणाच्या परवानगीनं केलीत.  एवढ्या बायका उद्या ती मेथी घरी नेणार, पोरांना घालणार, ते त्यांना बघवेना. म्हणून उपटली आणि गोणीत भरून नाल्यात टाकली. फाटक त्यांनीच उघडं ठेवलं.

"आणि आम्ही?" आई म्हणाली. "भोगीला?"

"मी पण खाल्लं ना तुमच्याबरोबर," बाबा म्हणाले.

हे त्यांना उत्तर वाटत होतं. आजही, सत्तरी ओलांडली तरी, हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी पण खाल्लं! म्हणजे हिशेब चुकता झाला. लोकांच्या पोरांसाठी याचं मन कळवळलं, आणि आम्ही घरचे, म्हणून आम्हाला चालत होतं. आम्ही त्याचे होतो ना. आपलीच वस्तू. मी मन्याकडे बघितलं, तो भोगीची भाजी तीनदा मागून खाल्लेला पोरगा, त्याला काही समजलं नव्हतं, तो लोणच्याची फोड चोखत होता. मी विचारलं, आईला आधी का नाही सांगितलंत? बाबा म्हणाले, तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, ती गावभर करेल, घर कंपनीचं आहे, उद्या बाहेर काढलं तर कुठे जायचं आपण. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं आता ही उसळेल, आत्ताच्या आत्ता पार्वतीमावशीकडे जाऊन पाय धरेल. आईनं ताटातला डाव उचलला आणि म्हणाली, उद्या सकाळी बाजारातून गाळणी आणते.

शुक्रवारी हळदीकुंकू झालं. मला आजारी पडायचं होतं, पण आईनं मला अत्तर लावायला उभं केलं. बायका आल्या, तिळगूळ झाला, मसाला दुधाचे पेले फिरले. हातात चहाची गाळणी पडली तशी जी ती विचारायला लागली, हे काय वहिनी, मेथी कुठे? आई प्रत्येकीला सांगत होती, शेळ्यांनी खाल्ली हो, काय करणार, मेलं नशीबच. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज कापला. नंतर नंतर सरावाचा झाला. बायका "अगंबाई" म्हणत होत्या आणि एक जण म्हणाली, त्या गाववाल्यांना जरा लांबच ठेवायला हवं. आई हो म्हणाली. ती हो म्हणाली आणि माझ्या हातातली अत्तरदाणी मी खाली ठेवली.

"शेळ्यांनी नाही खाल्ली," मी म्हटलं. "बाबांनी उपटली. विहिरीत कंपनीचं पाणी उतरलंय. त्या पाण्यावरचं खायचं नाही, ते पाणी प्यायचं नाही. बाबांनी तपासलंय."

मी सोळा वर्षांची होते. मला वाटलं होतं, खोलीत वीज पडेल. बायका किंचाळतील, पोरांच्या काळजीनं धावत सुटतील, कुणी कंपनीच्या गेटवर जायचं म्हणेल. कुणी हललं नाही. सगळ्या दुधाच्या पेल्यात बघत होत्या. आई पांढरीफटक पडली होती. मग शेजारच्या कर्णिककाकू, सुपरवायझरांची बायको, घसा साफ करून, मला समजावावं तसं बोलल्या.

"अगं, ते माहितीये आम्हाला. आमच्या ह्यांनी दिवाळीतच सांगितलं. आम्ही कधीच बंद केलं विहिरीचं."

आईनं विचारलं, म्हणजे मी तुम्हाला मार्गशीर्षभर जुड्या देत होते त्या? काकू म्हणाल्या, तुम्ही इतक्या प्रेमानं देता, नाही कसं म्हणायचं, तुम्हाला वाईट वाटलं असतं. मग काय केलंत त्यांचं, आई म्हणाली. त्यावर काकूंनी पेला तोंडाला लावला, पण दुसरी एक भाबडी होती, ती बोलून गेली की आम्ही आपल्या पार्वतीच्या शेळ्यांना घालायचो, वाया नको जायला. आईनं खोलीतल्या एकेका चेहऱ्याकडे बघितलं. प्रत्येकीच्या घरी नवरा कंपनीत, प्रत्येकीला माहीत, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. आईच्या हाताचा गुण वाखाणत होत्या त्या. फाटकापाशी जुडी घेऊन "वा" म्हणत होत्या त्या. गल्लीतल्या प्रत्येक नवऱ्यानं बायकोला सांगितलं होतं, एकट्या माझ्या बापानं सांगितलं नव्हतं, कारण एकटी माझी आईच ते गावाला सांगण्याची शक्यता होती. ह्या एका गोष्टीचं मला कधी हसू येतं, कधी काहीतरी फोडावंसं वाटतं. लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्यांनी तिला ओळखलं होतं ते एवढंच, आणि ते त्यांनी तिच्याविरुद्ध वापरलं.

बायका उठल्या. गाळणी मात्र प्रत्येकीनं बरोबर नेली. बाबा आतल्या खोलीत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते बाहेर आले नाहीत. आईनं मला एक थोबाडीत मारली, जोरात, आणि मग हळदीकुंकवाची कुयरी उचलून, पायात चपला घालून निघाली. मी गाल चोळत तिच्या मागे गेले. विहिरीवर गावातल्या दोघी पाणी शेंदत होत्या, त्यांच्याजवळ आई क्षणभर घुटमळली आणि पुढे गेली.

पार्वतीमावशी दारातच होती. आईला बघून ती आत वळायला लागली. आई म्हणाली, थांब, मी चुकले, शेळ्यांनी नाही खाल्लं, ह्यांनीच उपटलं. पार्वतीमावशीनं ते ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, जणू आईची माफी तिच्या काही उपयोगाची नव्हती. मग आईनं पाण्याचं सांगितलं, खड्ड्याचं, पावसाळ्याचं, बाबांच्या बाटलीचं. सांगता सांगता ती रडायला लागली आणि म्हणाली, ते पाणी पिऊ नका गं बाई, पोराबाळांना देऊ नका. आत चुलीवर भातासाठी पाण्याचं पातेलं चढवलेलं होतं. सून बाजूला उभी, हातात धुतलेल्या तांदळाची टोपली, तीही ऐकत होती. तिला दिवस गेलेले होते, ते पोटावरून दिसत होतं. पार्वतीमावशीनं दाराशी उतरवलेल्या भरल्या हंड्याकडे बघितलं, मग आमच्या गल्लीकडे.

"मंग आमी पियाचं काय, वहिनी?"

आईच्या हातात कुयरी तशीच उघडी होती. तिनं मान खाली घातली आणि पुटपुटल्यासारखं म्हणाली की आमच्या नळाला आमच्यापुरतंसुद्धा येत नाही. तिचंच तिला ऐकू आलं असावं, कारण मग ती बोलायची थांबली. सुनेनं सासूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  चुलीवर आधण उकळत होतं. सून वळली आणि तिनं त्यात तांदूळ वैरले.